क्लिअरिंगच्या ऑफिसात आपलं बलस्थान शोधताना: जानेवारी ते जून २०२५ च्या नोंदी

४ जानेवारी २०२५

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स क्लिअरिंगच्या, म्हणजे परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या, ऑफिसात मी डॉक्युमेंटेशन बघते. पार्टीकडून, म्हणजे माल मागवणाऱ्या गिऱ्हाइकाकडून, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आलं की बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या मालाच्या तपशिलाची, चेकलिस्ट बनवायची, पार्टीचा ओके घ्यायचा, फाइल करायचं आणि कस्टम्सची क्वेरी आली तर उत्तराची जुळवाजुळव करायची. वर्षानुवर्षं हेच काम. दिवाळीनंतर ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं. स्कॅन केलेला इन्व्हॉइस ते स्वतः वाचतं आणि चेकलिस्टचे बरेचसे रकाने भरून देतं. ज्या कामात माझा दिवस जायचा ते निम्म्यावर आलंय, आणि पुढे आणखी घटणार हे स्पष्ट दिसतंय.

म्हणून ठरवलं की आपल्यात सगळ्यात चांगलं काय आहे ते नीट शोधायचं आणि एप्रिलच्या अप्रेझलपर्यंत त्यातलं काहीतरी रोजच्या कामात आणून दाखवायचं. नोकरी बदलायची नाही. हेच टेबल, हीच माणसं. दुसऱ्या कुणाला आपल्या ऑफिसात हे करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून काय फसलं, किती पैसे आणि वेळ गेला, तेही लिहीत जाईन.

आज विचारलं असतं तर मी सांगितलं असतं: माझं टायपिंग वेगवान आहे आणि त्यात चुका नसतात. ही नोंद मुद्दाम करून ठेवतेय.

११ जानेवारी

सुरुवात टेस्टपासून केली. व्हीआयए नावाची एक टेस्ट फुकट असते. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या २४ गुणांवर ती बेतलेली आहे. माझ्या यादीत वर आले प्रामाणिकपणा, न्यायबुद्धी, माया. वाचून बरं वाटलं, पण सोमवारी टेबलावर बसल्यावर न्यायबुद्धीचं नेमकं काय करायचं ते सुचेना. ही टेस्ट स्वभावातलं चांगलं सांगते. कुठलं काम हातात घ्यावं, हा प्रश्न तिचा नाहीच.

दुसरी टेस्ट गॅलप या अमेरिकन कंपनीची, पैसे भरून. मी त्यातला पहिल्या पाच गुणांचा स्वस्तातला अहवाल घेतला. एकूण गुण ३४, प्रश्नांच्या जागी विधानांच्या १७७ जोड्या आणि प्रत्येक जोडीला २० सेकंद. इथे एक अडचण सांगते, कारण मराठी माध्यमातून शिकलेल्या बऱ्याच जणांना ती येईल. इंग्रजी वाक्य वाचून, मनात मराठीत फिरवून, मग कुठल्या बाजूला कल आहे ते ठरवेपर्यंत वेळ संपतो आणि पुढची जोडी समोर येते. माझ्या बऱ्याच जोड्या अशाच निसटल्या. आधी जेवून, डोकं शांत असताना बसा. रात्री मुलांचा अभ्यास घेतल्यावर बसू नका.

पाचांतला एक गुण वहीत वेगळा लिहून ठेवला: प्रत्येक माणूस वेगळा कसा आहे ते चटकन ओळखणं. बाकीचे चार कुणालाही लागू पडतील असे वाटले.

१९ जानेवारी

दादरला रविवारची कार्यशाळा केली. ३,५०० रुपये आणि अख्खा रविवार. सकाळभर रंगीत खडूंनी वर्तुळं काढली, दुपारी आवडीनिवडींवर बोललो. आवड आणि कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तिथे दोन्हींची सरमिसळ चालली होती. मला गाणं मनापासून आवडतं, म्हणून मी गायिका होत नाही.

हाती एकच लागलं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेली जोहारी खिडकी फळ्यावर काढून दाखवली होती. त्यातला एक कप्पा इतरांना दिसणाऱ्या पण स्वतःला न दिसणाऱ्या गोष्टींचा. परतीच्या गाडीत मुलुंडपर्यंत हाच कप्पा डोक्यात होता. टेस्ट मी दिल्या, उत्तरं मीच दिली, म्हणजे जे मला दिसत नाही ते तिथे येणारच कुठून? लोकांना विचारायला हवं.

२५ जानेवारी

विचारलं आणि फसलं. ऑफिसातली माणसं, जुन्या पार्ट्या, दोन मैत्रिणी आणि माझी मोठी जाऊ, सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज: “माझ्यात तुम्हाला सगळ्यात चांगलं काय वाटतं?” उत्तरं आली: मेहनती, मनमिळाऊ, कामसू, हसतमुख, आणि त्यापुढे हात जोडलेले. आमच्या काकांनी, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसाने, फोन करून विचारलं, “तब्येत बरी आहे ना गं? राजीनामा नाही ना देतेस?”

माणसं चांगली आहेत. प्रश्नच असा होता की त्याला निरोप समारंभातलंच उत्तर मिळणार.

२ फेब्रुवारी

प्रश्न बदलला. मिशिगन विद्यापीठाने तयार केलेला एक सराव आहे, त्यात लोकांकडून गुण मागत नाहीत, प्रसंग मागतात. त्यावरून मी असं लिहिलं:

“मी तुमच्या खरंच कामी आले असा एखादा प्रसंग आठवतो का? त्या वेळी मी नेमकं काय केलं होतं ते दोन-तीन वाक्यांत किंवा व्हॉइस नोटवर सांगाल?”

व्हॉइस नोटची मुभा दिली म्हणून उत्तरं आली. टाइप करायचा कंटाळा सगळ्यांनाच. काल बजेटचा दिवस होता, औद्योगिक मालावरचे सात टॅरिफ दर काढल्याने ऑफिसात रात्रीपर्यंत नोटिफिकेशनांचं वाचन चाललं होतं. तरी त्यातूनही लोकांनी वेळ काढून सांगितलं.

भिवंडीत गोडाऊन असलेल्या बेअरिंगवाल्या शेठनी सांगितलेला प्रसंग इथे पूर्ण लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. असेसमेंट, म्हणजे शुल्क ठरवण्यासाठीची कागदांची तपासणी, फेसलेस (अधिकारी समोर नसताना) झाल्यापासून, म्हणजे २०२० पासून, न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या मालाची क्वेरी दुसऱ्याच शहरातला अधिकारी काढू शकतो. शेठच्या मालावर क्वेरी आली की प्रॉडक्ट लिटरेचर द्या आणि वर्गीकरणाचं, म्हणजे माल कुठल्या कोडखाली दाखवलाय त्याचं, समर्थन करा. इंग्रजीतला तो करडा मजकूर वाचून शेठना वाटलं, आपल्यावर चोरीचा आळ आलाय. ते वकिलाकडे निघाले होते. त्यांच्याच शब्दांत, मी फोनवर म्हणाले होते: “शेठ, त्या साहेबांनी तुमचा माल डोळ्यांनी बघितलेला नाही. आत गोळ्या आहेत की रोलर, एवढंच त्यांना बघायचंय. बॉल बेअरिंगचा कोड ८४८२ १०, टेपर्ड रोलरचा ८४८२ २०. कॅटलॉगचं ते एक पान आणि उघडलेल्या बेअरिंगचा फोटो पाठवा.” त्यांनी तासाभरात पाठवलं. क्वेरी सुटली.

मी हा प्रसंग पार विसरले होते. माझ्या दृष्टीने तो पाच मिनिटांचा फोन होता.

डॉकवर जाणाऱ्या आमच्या फील्ड क्लार्कने सांगितलं, “ताई, पार्टीशी तुम्ही बोललात की मला परत फोन करायला लागत नाही, कागद एकदाच येतो आणि बरोबर येतो.” जावेने सांगितलं ते सासऱ्यांच्या मेडिक्लेमबद्दल, पण तऱ्हा हीच. कुणाला तरी सरकारी किंवा कंपनीचा कागद कळत नव्हता, तो घाबरला होता किंवा चिडला होता, आणि नेमकं काय मागितलंय ते मी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं.

टायपिंगचं नाव एकानेही काढलं नाही.

१६ फेब्रुवारी

लोकांचं म्हणणं एका बाजूला, पण रोजच्या कामात ते दिसतं का हे तपासायचं होतं. रोज रात्री वहीत दोन रकाने भरायला घेतले: कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही, आणि कुठल्या कामात सारखं घड्याळाकडे लक्ष गेलं. हे चाललं नाही. रात्रीपर्यंत दिवसातलं भांडण तेवढं लक्षात राहतं. शिपिंग लाइनने डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात द्यायची चिठ्ठी) अडवली की तो अख्खा दिवस वाईट लिहिला जायचा, मग सकाळी कितीही चांगलं काम झालेलं असो.

उपाय सोपा निघाला. जॉब रजिस्टरमध्ये प्रत्येक जॉबसमोर, म्हणजे सोडवायला आलेल्या प्रत्येक मालासमोर, शेऱ्याची जागा असते. काम हातावेगळं केलं की तिथेच, त्याच क्षणी, पेन्सिलने खूण करायची. वर बाण म्हणजे उत्साह वाढला, खाली बाण म्हणजे थकले. कुणाला कळत नाही, वेळ जात नाही. वेगळी वही नको, अॅप तर मुळीच नको. जिथे काम आहे तिथेच खूण हवी.

१ मार्च

पेन्सिलच्या खुणा एकत्र बघितल्या. चेकलिस्ट टाइप करण्यासमोर जवळपास सगळे बाण खाली. इतकी वर्षं ज्याला माझं बलस्थान समजत होते ते मी उत्तम करते, पण त्याने मी थकते. सवयीने आलेली सफाई ती. क्वेरीचं उत्तर जमवणं, पार्टीला समजावणं, नव्या मुलीला बिल ऑफ लेडिंग वाचायला शिकवणं, इथे बाण वर.

एक गोष्ट अनपेक्षित होती. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांशी बोलण्यासमोरचे बाण खाली होते. म्हणजे ‘बोलणं’ हा माझा गुण आहे असं ढोबळ म्हणून भागत नाही. ज्याला कळत नाहीये त्याच्याशी बोलणं मला जमतं. ज्याला सगळं कळतं आणि ज्याच्याशी वाद घालायचाय, तिथे आमच्या काकांना तोड नाही. शोधायला बसलात तर इतकं बारीक होईपर्यंत शोध सोडू नका. ‘माझं संवादकौशल्य चांगलं आहे’ एवढ्यावर साहेब काहीही बदलणार नाहीत.

८ मार्च

पीटर ड्रकर यांचा सल्ला होता की महत्त्वाचा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवा आणि नऊ ते बारा महिन्यांनी ताडून बघा, कुठे आपला अंदाज खरा ठरतो ते कळेल. आमचा जॉब आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो, म्हणून मी मुदत तेवढीच ठेवली. फाइल हातात आली की तिच्यात कुठे अडेल ते चिठ्ठीवर लिहून फाइलच्या आत टाचायचं.

पार्टीकडून कुठला कागद चुकीचा किंवा उशिरा येणार, हे माझं बहुतेक वेळा बरोबर निघालं. कुठली पार्टी जुनाच कॅटलॉग पाठवणार, कुणाच्या पुरवठादाराची पॅकिंग लिस्ट इन्व्हॉइसशी जुळणार नाही, हे फाइल उघडतानाच दिसतं. अधिकारी कशावर क्वेरी काढेल याचे माझे अंदाज मात्र सपशेल चुकले. जानेवारीत वहीत ठेवलेला तो गुण, माणूस ओळखण्याचा, इथे प्रत्यक्ष दिसला.

२९ मार्च

वर्षअखेरीची धावपळ संपत आली तशी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं: टेस्ट, प्रसंग, बाण. म्हटलं, “सर, पार्ट्यांशी बोलायचं काम मला द्या, मी ते चांगलं करेन.” त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तुमच्या चेकलिस्ट कोण करणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. “एप्रिलमध्ये बघू,” म्हणाले.

घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की मी त्यांना माझ्याबद्दल सांगत बसले होते. त्यांचा प्रश्न कुठे सुटतो ते सांगितलंच नाही.

१२ एप्रिल

आता उलट बाजूने सुरुवात केली. जॉब रजिस्टरमधून वर्षाअखेरचे अडकलेले जॉब काढले आणि प्रत्येकासमोर अडकण्याचं कारण लिहिलं. सर्वांत मोठा गठ्ठा एकाच कारणाचा होता: पार्टीकडून कागद उशिरा किंवा चुकीचा.

आता बहुतेक मालाचं बिल ऑफ एंट्री जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत फाइल व्हावं लागतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,०००. म्हणजे पाच दिवसांचा उशीर ३५,००० ला पडतो. त्यावर कंटेनरचं डिटेन्शन, म्हणजे तो जास्त दिवस अडकवल्याचं भाडं, वेगळं. पार्टी ते भरते आणि राग आमच्यावर काढते, कधी दुसऱ्या ब्रोकरकडे जाते. हे सगळं एका कागदावर मांडलं आणि खाली एक ओळ लिहिली: तीन पार्ट्या मला द्या, दोन महिने, जहाज निघाल्यापासून त्यांच्याशी मी बोलेन.

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि तीन पार्ट्या दिल्या. माझ्या बलस्थानाचा या वेळी शब्दसुद्धा काढला नव्हता.

२६ एप्रिल

पहिला प्रयत्न नीट जमला नाही. तिन्ही पार्ट्यांसाठी मिळून कागदपत्रांची एक यादी केली, हिंदीत, दोन पानं भरून. पीडीएफ पाठवली. कुणीही उघडून बघितली नाही. बघावी तरी का? बेअरिंगवाल्याला खेळण्यांचे नियम वाचायला लावले होते. जो गुण वापरायचा म्हणून हा सगळा खटाटोप, तोच यादीत नव्हता.

आता प्रत्येकाला वेगळं. बेअरिंगवाल्या शेठना फक्त: पार्ट नंबरसकट कॅटलॉगचं पान, आत बॉल की रोलर ते इन्व्हॉइसवर लिहून घ्या. खेळणीवाल्यांना: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र) सक्तीचं आहे, तेव्हा चीनमधल्या त्याच कारखान्याचं लायसन्स आहे का, ते ऑर्डर देण्यापूर्वी बघा. ब्लूटूथवालं खेळणं असेल तर डब्ल्यूपीसीची, म्हणजे वायरलेस उपकरणं बघणाऱ्या सरकारी विभागाची, मंजुरी लागेल. खेळणीवाल्यांचा मुलगा धंद्यात नवा आहे, तो वाचतो, त्याला लिहून. शेठ वाचत नाहीत, त्यांना व्हॉइस नोट, एक मिनिटाच्या आतली, सकाळी दुकान उघडायच्या वेळी.

खेळणीवाल्यांच्या मुलाने ब्लूटूथचं वाचून फोन केला. ऑर्डर जायची होती, त्याने ती दोन मॉडेलं वगळली. आधी सांगितल्याने किती फरक पडतो, ते त्या फोनवर मला समजलं. माल न्हावा शेवाला उतरल्यावर हेच सांगायची वेळ आली असती तर मी कितीही चांगलं समजावलं असतं तरी त्याचं नुकसान टळलं नसतं.

१७ मे

एक अडचण उभी राहिली, आणि जे हे करतील त्यांच्यापुढे ती येणारच. मी चांगलं समजावते हे ऑफिसात कळलं, तसे सगळ्यांचे चिडलेले फोन माझ्याकडे वळू लागले. “ताई, जरा याच्याशी बोल ना.” नाही म्हणवत नव्हतं, कारण ते काम आवडतं. चेकलिस्ट संध्याकाळी साडेसहानंतर. सीएसएमटीहून नेहमीची गाडी चुकायची, घरी स्वयंपाकाला उशीर. एका बिलात युनिट किलोच्या जागी नग पडलं. फाइल होण्याआधी काकांच्या नजरेला आलं म्हणून निभावलं.

आपला गुण दुसऱ्यांना आयता मिळाला की ते त्याचा वापर करतात, यात त्यांचा दोष नाही. पण माझं जुनं काम कमी न होता हे वर चढलं होतं. जमतं आणि आवडतं म्हणून बिनबोभाट जास्तीचं काम करत राहणं, विशेषतः आम्हा बायकांकडून, ऑफिसं गृहीत धरतात. ते मला मान्य नाही.

३१ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला, २६ तारखेला मुंबईत मान्सून दाखल. गाड्या उशिराने, अर्धं ऑफिस रिकामं. त्या निवांत दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मुलाशी बोलले. कॉमर्स करून गेल्या वर्षी लागलाय. एक्सेलमध्ये त्याचा हात बसलेला आहे, पण पार्टीचा फोन वाजला की त्याच्या कपाळावर घाम येतो. मी त्याच्या कामांवर मनातल्या मनात बाण काढून बघितले होतेच.

अदलाबदल ठरली. त्याच्या पार्ट्यांचे फोन मी घ्यायचे, माझ्या चेकलिस्टचं पहिलं टायपिंग आणि सॉफ्टवेअरने वाचलेले आकडे ताडून बघणं त्याने. शेवटची नजर माझी. २००१ मध्ये एमी रेझनीएव्स्की आणि जेन डटन यांनी माणसं आपल्या कामाची रचना आपणच कशी बदलून घेतात यावर लिहिलं होतं, त्यात हॉस्पिटलच्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण होतं. वरून पद किंवा पगार बदलायची वाट न बघता त्यांनी कामाला वेगळा आकार दिला होता. आम्ही मात्र साहेबांना सांगूनच केलं. दोघांच्या चुकांची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरलेलं बरं.

दुसरं, फोनची वेळ बांधली: सकाळी साडेअकरा ते एक. त्याबाहेर फक्त ज्याचं जहाज उद्या लागतंय तो. टेबलावर कागद चिकटवला. पहिल्या आठवड्यात नाराजी होती, नंतर पार्ट्याच साडेअकराला फोन करू लागल्या.

२१ जून

सद्यस्थिती. तीन पार्ट्यांचे सगळे जॉब दंडाशिवाय गेले, फक्त एका कन्साइनमेंटला शिपिंग लाइनमुळे डिटेन्शन पडलं. साहेबांनी आणखी पार्ट्या दिल्या. अप्रेझल झालं, वाढ नेहमीइतकीच, पद तेच. साहेब दिवाळीला बघू म्हणाले. तेव्हाच्या बोलण्यासाठी वाचलेल्या दंडाचा हिशेब मी महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवतेय. तोंडी आठवणीवर पगार वाढत नाही.

खर्च: कार्यशाळेचे ३,५०० आणि गॅलपचा अहवाल. पुन्हा करायचं झालं तर दोन्ही टाळेन. प्रसंग विचारणारा मेसेज आणि रजिस्टरमधली पेन्सिल, यांना काही पैसे पडत नाहीत आणि उपयोग त्यांचाच झाला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो मार्च ते एप्रिल, साहेबांशी चुकीच्या बाजूने बोलण्यात.

एक काम बाकी आहे. माझ्याकडे ‘एच’ कार्ड आहे, म्हणजे परीक्षा न दिलेल्या कर्मचाऱ्याचं कस्टम्सचं ओळखपत्र. त्यावर कस्टम्सच्या कागदांवर सही करता येत नाही; परीक्षा पास झालेल्या ‘जी’ कार्डवाल्याला ती करता येते. काका म्हणतात परीक्षा दे. कायद्याची कलमं पाठ करणं हे खाली बाणाचं काम आहे, तरी देणार आहे. पार्टीला समजावून सांगितलेल्या कागदावर सही माझी असेल तर तिचा विश्वास आणखी बसेल. काकांनी रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास शिकवायचं कबूल केलंय. बदल्यात त्यांना कस्टम्सच्या पोर्टलवरचे नवे मेसेज समजावून सांगायचे, ते सोमवारपासून सुरू.